ताट, घराणं, रक्त आणि मग जनुकं: शरीराचा हिशेब कसा मांडायचा

लाळेची नळी भरून पाठवली की काही आठवड्यांनी ‘तुमच्या जनुकांनुसार आहार’ असा जाडजूड रिपोर्ट घरी येतो. आत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: भाज्या वाढवा, साखर कमी करा, रोज चाला. यासाठी लाळ पाठवायची गरज नव्हती. पण म्हणून जेवण आणि जनुकांचा संबंध थोतांड ठरत नाही. तो इतका खरा आहे की विदर्भात साध्या शुगरच्या तपासणीतही तो गडबड करतो. फक्त शोधायचा क्रम जाहिरातीच्या उलटा हवा: आधी ताट, मग घराणं, मग रक्त, आणि तरीही प्रश्न उरलाच तर जनुकं.

आधी थोडी यंत्रणा. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बांधायचं याची कृती. यातली बरीच प्रथिनं एन्झाइम असतात, म्हणजे शरीरातले आचारी. कधी आचारीच जरा अधू असतो, कारण कृतीत फरक असतो. कधी आचारी धडधाकट असतो, पण हातात झारा नसतो. म्हणजे एन्झाइमला लागणारं जीवनसत्त्व ताटातून आलेलंच नसतं. तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो: खाल्लेला पदार्थच जनुकाला चालू किंवा बंद करतो. लोहाच्या गोळीचं उदाहरण पुढे येईल, ते याच जातीचं.

पहिले दोन प्रकार एकत्र कसे येतात ते एमटीएचएफआर या एन्झाइममध्ये दिसतं. फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाला वापरण्याजोगं रूप देणं हे त्याचं काम. त्याची एक आवृत्ती सुस्त असते, कारण बी२ जीवनसत्त्वापासून बनलेला आपला जोडीदार तिला घट्ट धरता येत नाही. पण दूध, दही, अंडी यांतून बी२ पुरेसं मिळत असेल तर हीच आवृत्ती बऱ्यापैकी काम करते. रिपोर्टात लाल रंगात ‘दोष’ म्हणून छापलेली ही गोष्ट स्वयंपाकघरात बरीचशी आटोक्यात येते.

ताट मोजायची रीत

सात दिवस वहीत लिहा. काय खाल्लं यापेक्षा किती आणि कशाबरोबर हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरातला दोन-तीनशे रुपयांचा काटा पुरतो. भाकरी, पोळी, भात कच्च्या धान्याच्या वजनात लिहा; शिजल्यावर पाणी किती धरलं यावर आकडा बदलतो. चहा किती वाजता आणि जेवणाआधी की नंतर, हे न विसरता नोंदवा.

तेल मात्र ताटात मोजता येत नाही. ते महिन्याच्या डब्यावरून काढायचं. चार माणसांच्या घरात ३० दिवसांत साडेचार लिटर संपलं असेल, तर एका लिटरचं वजन साधारण ९२० ग्रॅम धरून ४१४० ग्रॅम झालं. भागिले १२० म्हणजे माणशी रोज साडेचौतीस ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला २५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. बाहेरची तर्री, समोसे, सावजीचा रस्सा या हिशेबात आलेलाच नाही, तो वेगळा लिहा. रश्श्यावरचा तवंग खाल्ला की वाटीत राहिला, एवढं लिहिलं तरी चालेल.

घराणं

एका कागदावर तीन पिढ्या काढा, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही. वडिलांकडचं सगळं पाठ आणि आजोळाबद्दल काहीच माहीत नाही, ही नेहमीची चूक. नावापुढे आजार आणि तो कितव्या वर्षी निघाला ते लिहा. वय लिहिलं नाही तर कागद निरुपयोगी. सत्तरीतली शुगर आणि बत्तिशीतली शुगर यांचा अर्थ एक नाही.

विचारायचं ते असं: शुगर, पुरुषांत पंचावन्नच्या आणि बायकांत पासष्टच्या आत हृदयविकार, थायरॉइड, पित्ताचे खडे, लहानपणापासून हातपाय-सांधे दुखून दवाखान्यात भरती होणं, वारंवार कावीळ, रक्त चढवावं लागणं, ‘हिमोग्लोबिन कधी वाढतच नाही’ अशी तक्रार, लहानपणीच दगावलेली मुलं. नात्यात लग्न झालं असेल, मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी, तर तिथे दुहेरी रेघ मारा. दोन्हीकडून एकच सदोष प्रत येण्याची शक्यता तिथे वाढते.

रक्त: नागपूरच्या उन्हात आकडे का बिघडतात

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

नळीतलं रक्त लॅबपर्यंत जिवंत असतं. पेशी साखर खात राहतात, त्यामुळे साध्या तापमानालाही ग्लुकोज तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरतं. उष्णतेत त्याहून वेगाने. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना घरून नेलेला नमुना दुचाकीच्या डिकीत दीड-दोन तास फिरला, तर फास्टिंग १०८ असलेल्या माणसाला ९५ चा रिपोर्ट मिळू शकतो. माणूस खूश, आजार तिथेच. नमुना घ्यायला आलेल्याला दोन गोष्टी विचारा: शुगरची नळी करड्या झाकणाची, म्हणजे फ्लोराइडची आहे का, आणि बर्फाची पेटी आहे का. फ्लोराइड असलं तरी पहिला तासभर साखर उतरतच राहते, म्हणून बर्फ हवाच.

होमोसिस्टीनचं, म्हणजे बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात साचणाऱ्या अमिनो ॲसिडचं, याच्या उलट. लाल पेशी ते बाहेर टाकत राहतात, त्यामुळे नळी पडून राहिली की आकडा फुगतो, तासाला दहा टक्क्यांच्या आसपास. ही तपासणी घरी बोलावून करूच नका. लॅबमध्ये जाऊन सकाळी द्या, आणि नमुना लगेच बर्फात ठेवून सेंट्रिफ्यूज करतात का ते विचारा. ‘होमोसिस्टीन वाढलंय, एमटीएचएफआर तपासा’ असं सांगून पुढची महागडी तपासणी पदरात पडते, तिचं मूळ कधी कधी या गरम नळीत असतं.

तिसरी गोष्ट केसांच्या गोळ्या. त्यात बायोटिन भरपूर असतं, आणि थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व यांच्या काही चाचण्यांची रसायनं बायोटिनवरच बेतलेली असतात. तपासणीआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा.

एचबीएवनसी आणि सिकलसेल. विदर्भात हा मुद्दा पहिल्या पानावर हवा. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरून तो आकडा वाचतात. सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येणं, एवढाच फरक. पण एसएस, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि शुगर असूनही एचबीएवनसी सुंदर येतं. अशा माणसाने त्या आकड्यावर विसंबूच नये. फास्टिंग, ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी किंवा फ्रुक्टोसामिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर, बघावं. वाहक, म्हणजे एकच प्रत सदोष (एएस) असलेल्यांत पेशीचं आयुष्य ठीक असतं, तरी आकडा किंचित कमी येऊ शकतो आणि काही मशीन त्यांच्या रक्तात गोंधळतात. लोहाची कमतरता असेल तर उलट, आकडा खोटाच वर जातो. म्हणजे तिशीतल्या, पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचं ५.९ हे ‘प्रीडायबेटिस’ नसून नुसतं लोह कमी असणंही असू शकतं. एचबीएवनसी आणि फास्टिंग जुळत नसतील तर मोठ्या आकड्याला घाबरण्याआधी आणि लहान आकड्यावर खूश होण्याआधी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्या.

हिमोग्लोबिन वाढत नाही तेव्हा

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या कागदावर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) हे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. एमसीव्ही ६४ आणि आरबीसी ५.८ असेल तर उत्तर अकरा. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचा संशय घ्यायचा: पेशी लहान, पण संख्येने भरपूर. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि संख्याही कमी, म्हणून उत्तर तेराच्या वर जातं. हे निदान नाही, पुढच्या तपासणीचं बोट आहे. पुढे एचपीएलसीत हिमोग्लोबिनचा एचबी ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का ते बघतात. लोह फार कमी असेल तर ए२ सुद्धा खाली दाबलं जातं, म्हणून आधी लोह भरून काढून मग पुन्हा तपासावं लागतं.

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, एकटं वाचू नका. ताप, दाढदुखी, कसलाही संसर्ग असला की फेरिटिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते. सोबत सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का ते दाखवणारी तपासणी, करा. फेरिटिन तीसच्या खाली असेल तर साठा रिकामा होत चालला आहे असं धरून चालायचं; पंधराच्या खाली वाद नाही.

आता तो तिसरा प्रकार. लोहाची गोळी घेतली की यकृतातलं हेपसिडिन तयार करणारं जनुक जागं होतं, आणि हेपसिडिन आतड्यातून लोह आत घेणारं दार सुमारे २४ तास ओढून धरतं. शरीर हे मुद्दाम करतं. जादा लोह बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेणाऱ्याची दुसरी गोळी बरीचशी वाया जाते, आणि न शोषलेलं लोह पोटात मुरडा, काळी शौच, बद्धकोष्ठ करून जातं. सौम्य कमतरतेत ४० ते ६० मिलिग्रॅम लोह एक दिवसाआड, सकाळी रिकाम्या पोटी, हे जास्त लागू पडतं. पाकिटावर क्षाराचं वजन नव्हे, ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते वाचा. गरोदर बाईने आणि हिमोग्लोबिन फारच खाली असलेल्याने मात्र डॉक्टरांनी दिलेला क्रम बदलू नये. आणि सिकलसेलच्या रुग्णाने फेरिटिन न बघता लोह कधीच सुरू करू नये. अनेकदा रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साचलेलं असतं.

ताटातल्या लोहाचं गणित वेगळं. ज्वारीची भाकरी, हरभरा, पालेभाजी यांतलं लोह फायटेट धरून ठेवतं आणि चहातलं टॅनिन उरलंसुरलं अडवतं. क जीवनसत्त्व ते सोडवतं, पण त्याच घासात असेल तर. नागपुरी संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरात पंचवीस-तीस मिलिग्रॅम क असतं. जेवणासोबत दोन संत्री खाल्ली की काम होतं. दुपारी चार वाजता टाइमपास म्हणून खाल्लेलं संत्रं सकाळच्या भाकरीला काही उपयोगाचं नाही. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाची फेब्रुवारीपासून पुढे, अशी वर्षाची निम्मी सोय होते; उन्हाळ्यात लिंबू आणि कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर. लिंबू ताटात पिळा, उकळत्या वरणात नाही. चहा जेवणानंतर किमान तासभराने.

शुगर घरी मोजून ताट बदलणं

शुगर घराण्यात असते हे खरं. टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला एक सामान्य फेरबदल इन्शुलिन सोडण्याची क्षमता थोडी कमी करतो, पण असे शेकडो लहान लहान फेरबदल मिळून धोका बनतो. त्यामुळे त्या एकाचा रिपोर्ट हातात घेऊन करायचं काहीच नसतं. तुमचं शरीर एका ठराविक थाळीला काय उत्तर देतं, हे ग्लुकोमीटर जास्त नेमकं सांगतो.

प्रयोग असा करा. पहिल्या दिवशी सकाळी उपाशी पोटी रीडिंग घ्या. मग ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे साधे पोहे, सोबत काही नाही. पहिल्या घासापासून ६० आणि १२० मिनिटांनी रीडिंग. दोन दिवसांनी तेवढेच पोहे, पण आधी वाटीभर, म्हणजे शंभर ग्रॅम, शिजलेल्या चण्याची तर्री, तवंग बाजूला काढून. पुन्हा तीच वेळ. तिसऱ्या वेळी चणा-पोहे खाऊन दहा-पंधरा मिनिटं चाला. हलणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता साखर ओढतो. बहुतेकांत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीचा शेंडा बुटका दिसतो. किती, ते माणसागणिक वेगळं, आणि प्रयोग त्यासाठीच आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

यात काय चुकतं ते बघा. संत्रं सोलून त्याच बोटाला टोचलं तर रीडिंग भलतंच चढतं, दोनशेच्या वरही जातं, कारण फळाची साखर कातडीवर चिकटलेली असते. स्पिरिटचा बोळा ती पुरती काढत नाही. नळाखाली पाण्याने हात धुवून पूर्ण कोरडे करायचे, मगच टोचायचं. पट्ट्यांची डबी झाकण उघडी टाकली किंवा एप्रिल-मेमध्ये गाडीत राहिली की पट्ट्या खराब होतात; पाकिटावर बहुधा ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. आणि मीटरचीच चूक १५ टक्क्यांपर्यंत मान्य असते, म्हणून १४० आणि १५२ मध्ये अर्थ शोधू नका. प्रत्येक थाळी दोनदा मोजा आणि ठळक फरक धरा.

फास्टिंग शंभरच्या आत ठीक, १०० ते १२५ मधली पायरी, १२६ आणि वर दोनदा आलं तर मधुमेह. ही निदानाची ओळ लॅबच्या रक्तावरची आहे, बोटाच्या थेंबावरची नाही.

बी१२

शाकाहारी घरात हा आकडा जनुकांच्या आधी ताटामुळे खाली असतो. शंभर मिलिलिटर दुधात ०.३ ते ०.४ मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्धा. दिवसाची गरज दोनच्या थोडी वर. शिवाय आतड्याचं जे दार ते आत घेतं, ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच थकतं. म्हणून अर्धा लिटर दूध एकदम पिण्यापेक्षा दूध, दही, ताक असं दिवसभरात वाटून घेतलेलं जास्त शोषलं जातं. आंबील, स्पिरुलिना, ‘नॅचरल बी१२’ असं लिहिलेली पावडर, यांच्यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनात आढळतं ते बरंचसं नकली रूप, शरीराच्या कामाचं नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत शोषण आणखी घटतं.

रिपोर्ट २०० च्या खाली असेल तर उपचार. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा एमएमए (बी१२ कमी पडलं की वाढणारं दुसरं रसायन) बघून ठरवायचं. सगळ्यात वाईट चूक म्हणजे थकवा आहे म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करणं. रक्त सुधारलेलं दिसतं, पण पायातल्या मुंग्या आणि तोल जाणं आतल्या आत वाढत राहतं, कारण मज्जातंतूंना बी१२ च हवं असतं.

हे फक्त त्या एका माणसापुरतं राहत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांच्या आयांमध्ये गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वात जास्त अडथळा दिसला. बी१२ आणि फोलेट मिळून डीएनएवर मिथाइलच्या खुणा लावायचं साहित्य पुरवतात, आणि त्या खुणांवर कोणतं जनुक बोलेल, कोणतं गप्प राहील हे अवलंबून असतं. कारण तिथे असावं असं मानतात. मूल हवं असेल तर बी१२ लग्नानंतरच्या पहिल्या तपासणीतच बघा, सातव्या महिन्यात नाही.

जवस, तेल आणि पुण्याचं एक जनुक

आवडता विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल. जवसातलं ओमेगा-३ शरीराला थेट वापरता येत नाही. फॅड्स१ आणि फॅड्स२ या जनुकांचे एन्झाइम त्याची साखळी लांबवून मेंदू-हृदयाला लागणारं रूप बनवतात. सूर्यफूल, करडई, सोयाबीन या तेलांतलं ओमेगा-६ सुद्धा याच एन्झाइमच्या रांगेत उभं असतं. तिथून बाहेर पडताना त्याचा एक भाग दाह वाढवणारी रसायनं बनवायच्या कामी येतो. २०१६ मध्ये पुण्यातल्या प्रामुख्याने शाकाहारी लोकांच्या नमुन्यांत फॅड्स२ ची जोरकस आवृत्ती दुहेरी असलेले ६८ टक्के निघाले. तुलनेतल्या अमेरिकनांत १८ टक्के. पिढ्यान् पिढ्या मांस-मासळीविना जगलेल्या समाजाला हे वरदान होतं. अडचण अशी की हा तरबेज आचारी समोर येईल ते शिजवतो. रांगेत नव्वद टक्के सूर्यफुलाचं तेल उभं केलं तर तो तेच झपाट्याने पुढे नेणार.

म्हणून तुमचं फॅड्स तपासायची गरज नाही, रांग बदलायची आहे. फोडणी-तळणाला शेंगदाण्याचं तेल आणा, एकूण तेल वर सांगितल्याप्रमाणे कमी करा, आणि रोज दहा ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, जवसाची चटणी खा. त्यातून साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळतं.

चटणीत बिघडण्यासारखं बरंच आहे. शंभर ग्रॅम जवस मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. तडतडणं सुरू होऊन कमी झालं की उतरवा. करपले तर कडू होतात. ताटात पसरून पूर्ण गार करा, कारण गरम जवस मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. सहा-सात सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, मीठ, आणि कोरड्या तव्यावर ओल उडेपर्यंत परतलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या घालून थांबून थांबून फिरवा. अख्खे जवस खाल्ले तर ते जसेच्या तसे बाहेर पडतात, तेव्हा दळणं हवंच. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. बाहेर ठेवलेल्या चटणीला उन्हाळ्यात काही दिवसांतच रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तो वास ओळखीचा वाटतो याला कारण आहे: तैलरंगात हेच तेल असतं. वास आला की फेकून द्या. जवसाच्या तेलात तळू नका, भाकरीवर किंवा झुणक्यावर वरून घ्या. थायरॉइडच्या गोळीनंतर काही तासांनीच खा, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

दूध, गहू, ऊन, चहा

दूध पचवणारं लॅक्टेज मोठेपणी टिकवणारा जनुकीय बदल उत्तर भारतात जास्त, दक्षिणेत कमी, आपण मधे. तपासायला रात्रीनंतर उपाशी पोटी २५० मिलिलिटर कोमट दूध, नुसतं, आणि पुढचे चार तास नोंद. पोट फुगलं, गुडगुडलं, जुलाब झाले तर आठवड्याने तीच चाचणी दह्यावर करा. जुलाबाच्या आजारानंतर महिनाभर ही चाचणी करू नका; तेव्हा आतड्याचं अस्तरच खरचटलेलं असतं. आणि एक ग्लास निमूट पचत असेल तर जनुक काहीही म्हणो, दूध सोडायचं कारण नाही.

गव्हाचा, म्हणजे त्यातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या सीलिॲक आजाराचा, संशय असेल तर गहू बंद करण्याआधी टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करा. आधी महिनाभर गहू सोडून मग तपासलं की प्रतिपिंडं उतरलेली असतात आणि खरा सीलिॲक रुग्णही ‘निगेटिव्ह’ येतो. इथे जनुकांची चाचणी फक्त एका दिशेने कामाची: एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची रूपं दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळपास निकालात निघतो. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण अनेक निरोगी लोकांतही ती असतात.

ड जीवनसत्त्वासाठी नियम एकच: सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असतानाचं ऊन. हिवाळ्यात दुपारी, उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास. मेच्या दुपारी अंगणात उभं राहणं हा उपाय नाही. चहा-कॉफीतलं कॅफीन सीवायपी१ए२ हा एन्झाइम मोडतो, कुणाचा वेगवान तर कुणाचा रेंगाळणारा. झोप लागत नसेल तर दुपारी दोननंतर दहा दिवस बंद ठेवून बघा. लाळ पाठवण्यापेक्षा स्वस्त.

मलेरियासाठी प्रायमाक्विन लिहून दिलं असेल तर मात्र जी६पीडी तपासल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. हा एन्झाइम कमी असणाऱ्याच्या लाल पेशी त्या औषधाने फुटतात, लघवी कोलासारखी होते.

जनुकांची चाचणी कधी

घराण्याच्या कागदावर एकाच बाजूला दोन-तीन जणांना तरुणपणी हृदयविकार आणि सोबत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर. तिशीच्या आतली, सडपातळ माणसाची, प्रत्येक पिढीत येणारी शुगर. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरलंय) दोन्ही सतत वर. अशा ठिकाणी जनुकांच्या तपासणीने औषध बदलतं. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठराविक जनुकांची करायची.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींतल्या अनेक समाजांत वाहक मोठ्या संख्येने आहेत, पण इतरांनी ‘आपल्यात नसतं’ असं धरू नये. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते. बोटाच्या थेंबावरची सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘आहे’ एवढंच सांगते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) किंवा एचपीएलसीतच कळतं, म्हणून पहिल्याच रिपोर्टावर थांबू नका. रक्त चढवल्यानंतर तीन महिन्यांत तपासलं तर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून निकाल चुकतो. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, पहिलं बाळ निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होते, त्यामुळे दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डं पहिल्या भेटीलाच, सहाव्या-सातव्या आठवड्यात, सोबत न्यायची. पाळी चुकल्यावर तपासायला निघालं तर एचपीएलसीचा निकाल येईपर्यंत ही मुदत हातची जाऊ शकते.